सिंहगडाहून राजगडाकडे दोन वायरी: दिवाळीच्या किल्ल्यावर शिकलेला विद्युत परिपथ

आमची सोसायटी सिंहगड रस्त्यावर, कालव्याजवळ. दिवाळीत पार्किंगच्या कोपऱ्यात मुलांचा किल्ला होतो, हे मी गेली कित्येक वर्षं बघते आहे. मागच्या दिवाळीत एका हौशी पालकांनी त्या किल्ल्यावर विजेची माळ सोडली. भिंतीतल्या सॉकेटमधून ओढलेली एक्स्टेंशन, नुसत्या टेपने गुंडाळलेला जोड, खाली ओली माती, आणि अळिवाला पाणी घालायला अनवाणी उभी असलेली चौथी-पाचवीतली पोरं. मी ती माळ काढायला लावली. २३० व्होल्ट आणि ओला पाय यांची गाठ पडू द्यायची नसते, यात तडजोड नाही. मुलं हिरमुसली. "काकू, मग किल्ल्यावर दिवे नकोच का?" तेव्हा मी त्यांना शब्द दिला की पुढच्या वर्षी दिवे लागतील, सेलवर लागतील, आणि ते तुम्हीच लावाल.

त्या शब्दातून जे घडलं त्याची ही सविस्तर नोंद. मी बावीस वर्षं एका तंत्रनिकेतनात विद्युत प्रयोगशाळेची साहाय्यक होते. कागदावर पानभर आकडेमोड बिनचूक करणारी मुलं करंट मोजायचा अॅमीटर थेट सप्लायच्या दोन टोकांना लावून फ्यूज उडवताना मी दर वर्षी पाहिली आहेत. सोळा-सतराव्या वर्षी ती चूक होते, कारण दहाव्या-अकराव्या वर्षी त्यांच्या हातात सेल, बल्ब आणि वायर देऊन कुणी त्यांना मोकळं सोडलेलं नसतं. असं मला आधीपासून वाटत होतं. या दिवाळीत ते अगदी जवळून बघायला मिळालं.

मुलं आणि सामान

मुलं नऊ. पाच मुली, चार मुलगे, चौथी ते आठवीपर्यंतची. राज्य मंडळाच्या पुस्तकात 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' हा धडा आठवीत येतो, म्हणजे नवांपैकी आठ जणांनी तो उघडलेलाही नव्हता. सहामाही परीक्षा संपल्यापासून वसुबारसेपर्यंत सहा संध्याकाळी मिळाल्या, रोज दीड-दोन तास.

सामान आणायला दोन मोठ्या मुलांना घेऊन मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. टॉर्चचे अडीच व्होल्टचे बल्ब आणि त्यांचे होल्डर, पेन्सिल सेल, तीन सेलचे डबे, लाल-पिवळे-पांढरे एलईडी, १५० ओहमचे रोध (करंट आवरणारे रेझिस्टर), लाल आणि काळी हुकअप वायर. रोधावरचे पट्टे तपकिरी, हिरवा, तपकिरी असे असतात, ते दुकानदाराने काउंटरवरच मुलांना वाचायला शिकवले. मोटर आणि सोल्डरिंगचं सामान मी मुद्दाम घेतलं नाही. बटणासारखे चपटे सेलही नाकारले. एलईडीला ते सोयीचे पडतात, पण आमच्याकडे मोठ्या मुलांच्या मागे दोन-तीन वर्षांची भावंडं फिरत असतात. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. पेन्सिल सेलही साधे घेतले, रिचार्जचे नाहीत, कारण शॉर्ट झाल्यावर रिचार्जचे सेल फार जास्त धारा, म्हणजे करंट, सोडतात. आणि मुलं शॉर्ट करणारच, ते गृहीत धरलं होतं.

एक नियम पहिल्याच दिवशी सांगितला. भिंतीतल्या बटणाला आणि सॉकेटला या कामात हात लावायचा नाही, आणि सेलवर चाललेली गोष्ट 'घरच्या करंटवर चालते का' हे कधीही करून बघायचं नाही. प्रत्येकाकडून तो नियम वदवून घेतला.

एक सेल, एक बल्ब, एक वायर

मातीला हात लावण्याआधी प्रत्येकाला कागद दिला. सेल, बल्ब आणि वायर यांचं असं चित्र काढा की बल्ब पेटेल. नवांपैकी सहा जणांनी सेलच्या टोकापासून बल्बच्या बुडापर्यंत एकच वायर काढली. एका पाचवीतल्या मुलीने दोन काढल्या, पण तिचं म्हणणं असं की सेलच्या दोन्ही टोकांतून करंट निघतो, बल्बमध्ये दोन्हीकडचे येऊन आदळतात आणि त्या धडकेतून उजेड पडतो. तिने हा विचार कुठे वाचला नव्हता. जगभरच्या मुलांना तो आपोआप सुचतो. न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बोर्न यांनी १९८० च्या दशकात मुलांशी बोलून हेच नोंदवलं होतं: एका वायरीची कल्पना, धडकेची कल्पना, आणि बल्ब करंट 'खाऊन टाकतो' ही तिसरी. आमच्या पार्किंगमध्ये तिन्ही पहिल्या पंधरा मिनिटांत हजर झाल्या.

मग सामान हातात दिलं. होल्डर नाही, नुसता बल्ब. कोण कसं धरतंय ते बघत राहिले. बहुतेक जण बल्बचं बूड सेलच्या टोकावर टेकवत, वायर सेलच्या तळाला लावत आणि तिचं दुसरं टोकही बल्बच्या बुडालाच लावत. दिवा लागायचा नाही, वायर मात्र कोमट व्हायची. एकाने घाबरून ती टाकून दिली. "हेच शॉर्ट," एवढंच मी म्हटलं. कोमट वायर बोटांना जे सांगते ते तोंडाने सांगून पोचत नाही.

अडकले तेव्हा मी घरातला एक गेलेला जुना साठ वॉटचा बल्ब आणला. आपल्याकडच्या खटक्याच्या बल्बला तळाशी शिशाचे दोन ठिपके असतात, आत काचेतून दोन काड्या वर जाताना दिसतात आणि त्यांच्यामध्ये तार ताणलेली असते. सातवीतल्या मुलीने तो फिरवून फिरवून पाहिला. मग टॉर्चचा बल्ब उलटा धरला. त्याच्या बुडाला एकच ठिपका. बराच वेळ ती गप्प होती. "याला एकच आहे... मग दुसरा कुठंय?" नखाने ठिपक्यापासून सुरुवात करून ती काळ्या कड्यावरून आट्यांवर आली आणि थांबली. "ही पितळेची बाजूच दुसरा ठिपका आहे!" वायर आट्यांना लावली आणि बल्ब तांबूस पेटला. अडीच व्होल्टच्या बल्बला दीड व्होल्टच मिळत होते, म्हणून उजेड मंद. पण ओरडा एवढा झाला की वॉचमनकाका बघायला आले.

त्यानंतरच्या दहा मिनिटांत सगळ्यांचे दिवे लागले. बघून बघून लागले, हे खरं आहे. म्हणून मी प्रत्येकाला दुसरी पद्धत शोधायला सांगितली, कारण एक सेल, एक बल्ब आणि एक वायर यांतून दिवा चार तऱ्हांनी पेटतो. चारही तऱ्हा चौघांनाच सापडल्या.

साखळी

दुसऱ्या दिवशी करंट आणि व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर आणला. करंट बल्बमध्ये खर्च होतो असं म्हणणाऱ्या आठवीतल्या मुलालाच तो हाताळायला दिला. बल्बच्या अलीकडे ०.२१ अँपिअर, बल्बच्या पलीकडेही ०.२१. त्याने मीटर झटकला, पुन्हा लावला. तेवढेच. मग त्याने जो प्रश्न विचारला तो मी तंत्रनिकेतनात बावीस वर्षांत ऐकला नव्हता. "करंट जेवढा जातो तेवढाच परत येत असेल, तर सेल संपतो म्हणजे नक्की काय संपतं?"

शेजारी कुणाची तरी सायकल होती. ती उलटी करून सीट-हँडलवर उभी केली आणि पेडल हाताने फिरवायला लावलं. साखळीच्या एका कडीला खडूने खूण केली. खूण पुढे जाते, मागच्या चाकाला वळसा घालून परत येते. साखळीची एकही कडी खर्च होत नाही. मागचं चाक फिरतं, आणि दमतो पेडल मारणारा. कडी कुठेही निसटली, पुढे काय अन् मागे काय, तरी चाक थांबतं. आणि पेडल दाबलं की साखळी सगळीकडे एकदम हलते, पहिली कडी चाकापर्यंत पोचायची वाट बघावी लागत नाही. दमतो तो सेल, फिरते ती धारा. याहून जास्त समजावणं मी टाळलं. उपमा ताणली की तुटते. पण पुढचे पंधरा दिवस मुलांच्या तोंडी 'साखळी तुटली का?' हाच शब्द राहिला. या अखंड साखळीला मी परिपथ म्हणत होते, तो शब्द त्यांनी ऐकून घेतला.

पुण्यात हाताने विज्ञान शिकवण्याची मोठी परंपरा आहे. विद्यापीठाच्या आवारात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून हजारो मुलांना दाखवली. सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि इनॅमलची तांब्याची तार यांची मोटर तर अनेक घरांत पोचली आहे. आठवीतल्या मुलालाही तीच करायची होती. मी थांबवलं. मोटर फिरली की आनंद होतो, पण ती फिरली नाही तर कारणं दहा असतात, आणि त्यांतली निम्मी परिपथाची नसतात. दिवा साधा साक्षीदार आहे. साखळी जुळली की लागतो, तुटली की विझतो.

राजगडाच्या तीन माच्या

यंदा राजगड करायचा, असं मुलांचं ठरलं. त्याची ठेवण आमच्या कामाला आयती जुळली. मध्ये बालेकिल्ला, भोवती पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या. म्हणजे चार दिवे, आणि प्रत्येकाला आपापलं बटण. बटणं पुठ्ठा, अॅल्युमिनियमची फॉइल आणि ड्रॉइंग पिना यांची.

पहिली जोडणी त्यांनी एकामागे एक केली, माळेसारखी. तीन सेल, म्हणजे साडेचार व्होल्ट. एक लाल एलईडी झकास लागला. दोन लावले, लागले पण उतरले. तिसरा जोडताच तिन्ही विझले. "सेल गेला," असा निकाल लागला आणि नवे सेल आले. तरीही अंधार. लाल एलईडीला सुमारे १.८ ते २ व्होल्ट लागतात, तीन मिळून साडेपाचच्या घरात जातात, ते साडेचारात बसत नाहीत. हे मी सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "प्रत्येक दिव्याच्या दोन पायांना मीटर लावा आणि वहीत लिहा." बेरीज त्यांनी केली. मग एकीला आठवलं की त्यांच्या घरच्या गणपतीच्या जुन्या माळेत एक बल्ब गेला की अख्खी माळ जायची. "आणि शिवाय एकसर असेल तर सुवेळाचं बटण बंद केलं की बालेकिल्लाही जाणार!" एकसर हा शब्द तिने क्लासच्या ताईकडून ऐकला होता. त्या संध्याकाळी तिला त्याचा अर्थ कळला.

समांतर जोडणीवर, म्हणजे प्रत्येक दिव्याला सेलकडून आपली वेगळी वाट देण्यावर, ते आपणहून आले, पण वायर वाचवायला चारही दिव्यांच्या आधी मिळून एकच रोध घातला. तीन माच्यांना लाल, बालेकिल्ल्याला पांढरा. माच्या उजळल्या, बालेकिल्ला काळा. पांढरा दिवा खराब निघाला, असं सर्वानुमते ठरलं. तो काढून एकटा लावला तर लख्ख! परत जागेवर लावला, विझला. इथे मुलं खरोखर चक्रावली. एक जण म्हणाला, लाल दिवे त्याचा करंट चोरतात. ते फारसं चुकीचं नव्हतं.

पाण्याच्या बाटलीला मी दोन भोकं पाडली, एक खाली, एक वर. खालचं बोटाने दाबून नळाची बारीक धार सोडली. पाणी चढत गेलं आणि वरच्या भोकातून पडायला लागलं. बोट काढलं. पाणी खालच्या भोकापाशी उतरलं, तिथेच राहिलं, वर चढेना. लाल एलईडी दोन व्होल्टच्या आसपास वाहू लागतो, पांढऱ्याला तीनच्या आसपास लागतात. एकाच रोधामागे दोघं शेजारी असले की लालाचं भोक आधी उघडतं आणि दाब तीनपर्यंत चढतच नाही. चौथीतला मुलगा बाटलीकडे बघत म्हणाला, "मग पांढऱ्याला वेगळी बाटली द्या." प्रत्येक दिव्याला आपला स्वतंत्र रोध. चार रोध आले, चारही दिवे लागले. इतकं नेमकं उत्तर नवांतल्या सर्वांत लहानाने दिलं, आणि तोवर आम्ही सगळे त्याला फक्त माती कालवायला लावत होतो.

इशारतीचा दिवा

सातवीतल्या मुलीला आणखी एक किल्ला हवा होता. १६७० च्या फेब्रुवारीत मावळ्यांनी कोंढाणा घेतला, गडावर आग पेटवून इशारत केली आणि महाराजांनी तो उजेड राजगडावरून पाहिला, ही बखरीतली हकिगत तिला पाठ होती. म्हणून पार्किंगच्या दुसऱ्या खांबापाशी, चार मीटरवर, छोटा सिंहगड झाला. कल्पना तिचीच: सिंहगडावर बटण दाबलं की राजगडावर दिवा लागला पाहिजे.

सेलचा डबा आणि बटण तिने सिंहगडावर ठेवलं, दिवा राजगडावर. आणि मध्ये एक वायर टाकली. ज्या मुलीने चार दिवसांपूर्वी पितळेच्या आट्या शोधल्या होत्या, साखळी फिरवली होती, समांतर जोडणी केली होती, तिनेच एक वायर टाकली. बटण दाबलं, काही नाही. एलईडी उलटा केला, लांब पाय कुठे ते तपासलं. नवे सेल घातले. वायरीचं टोक आणखी सोललं. मी समोर बसून होते आणि उठून दुसरी वायर द्यायला हात शिवशिवत होते.

या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच. टेबलावर वीतभर अंतरात जे नीट समजलं होतं, ते चार मीटरवर गेल्यावर निसटलं. अंतर वाढलं की करंट 'पाठवायची' गोष्ट होतो, पत्रासारखी, पाण्याच्या टँकरसारखी. पोचला की काम झालं. माणसाचं मन असंच चालतं, आणि एका गुणपत्रिकेत हे कधी दिसणार नाही.

वाद सुरू झाला. "घरात ट्यूबला एकच वायर जाते की!" "चार्जरलाही एकच." "मोबाइलला तर एकही नाही." शेवटच्या वाक्यावर सगळे हसले, पण पहिली दोन खरोखरची अडचण होती. मुलं रोज जे बघतात त्यात वायर एकच दिसते. मी एवढंच विचारलं, "कुणाकडे मोडका चार्जर आहे?" आठवीतल्या मुलाने घरातून जुनी केबल आणली. कात्रीने मध्येच कापली, वरचं रबर सोललं, चमकती जाळी बाजूला केली. आतून लाल, काळी, पांढरी आणि हिरवी, केसांएवढ्या बारीक चार वायरी बाहेर आल्या. ती मुलगी त्या टोकांकडे बघत होती. बोटाने लाल आणि काळी वेगळी केली. मग काही न बोलता उठली, काळ्या वायरीचं रीळ घेतलं आणि सिंहगडाहून राजगडाकडे दुसरी वायर टाकायला लागली. मधल्या खांबाला वळसा घालताना तिने ती पहिल्या वायरीला पीळ देत नेली, जेणेकरून बाहेरून एकच दिसावी.

दिवा लागला तेव्हा सात वाजून गेले होते. पार्किंगचे दिवे बंद करून पुन्हा दाबायला लावलं. राजगडावर लाल ठिणगी. त्या संध्याकाळी ते बटण किती वेळा दाबलं गेलं याला हिशेब नाही.

अळिवाला पाणी

वसुबारसेला किल्ला पूर्ण झाला. गोणपाट मातीत भिजवून कडे केले, कुंभारवाड्यातून मावळे आले, अळीव पेरला. वायरी मातीखाली गेल्या, पिळून केलेले उघडे जोड घेऊन. टेप लावली होती, पण ओल्या मातीत टेप दोन दिवसही टिकत नाही. हे मला माहीत होतं. तरी मी बोलले नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बालेकिल्ल्याचा पांढरा दिवा मिणमिणू लागला. पाडव्याला सुवेळा माची गेली. मुलांनी दोष शोधायला स्वतःच्या हाताने तपासनीस केला होता: एक एलईडी, एक रोध, दोन सेल आणि दोन मोकळी टोकं. टोकं वायरीच्या दोन्ही बाजूंना लावायची. दिवा लागला तर वायर धड, नाही तर मध्ये कुठेतरी तुटली आहे. सुरुवातीला ते एका टोकापासून वीत-वीत तपासत होते. दोनदा कंटाळून एकाने मधोमध तपासायला घेतलं: अर्धा भाग धड निघाला की उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा अर्धा. चौथ्या तपासणीत जोड सापडला. लाइनवर काम करणारे जुने वायरमन हेच करतात, आणि त्या मुलाला ते कुणी शिकवलं नव्हतं.

माती बाजूला केल्यावर पाचवीतली, ती धडकेवाली मुलगी, ओणवी होऊन बघत होती. "काकू, लाल वायरीचंच तोंड हिरवं झालंय. काळीचं नाही झालं." खरंच. दोन्ही तांब्याच्याच, दोन्ही त्याच मातीत. सेलच्या धन टोकाकडचं तांबं विरघळून हिरवट लगदा झाला होता आणि दोन तंतूंवर लटकत होतं. ऋण टोकाकडचं चकचकीत. ओली माती क्षारांमुळे वीज वाहून नेते, आणि धन टोकाचं तांबं त्यात झिजत जातं. तिच्या वहीत आणखी एक नोंद होती: 'सकाळी पाणी घातलं की संध्याकाळी दिवा मंद.' सेलचा डबा मोजला. नवे असताना ४.७ व्होल्ट, आता ३.७. दिवे तर रोज दोनच तास लागत होते! पण बटणाच्या अलीकडचे जोड बटण बंद असतानाही सेलला जोडलेलेच असतात, आणि मातीतून त्यांची गळती रात्रंदिवस चालू होती. पांढऱ्याला सर्वांत जास्त व्होल्ट लागतात, म्हणून तो आधी उतरला. बाटलीचं वरचं भोक.

उपाय मुलांनीच काढला. सगळे जोड मातीतून उचलून एका रिकाम्या श्रीखंडाच्या डब्यात आणले, डब्याला खिळा तापवून भोकं पाडली, झाकणावर सिंहासनाचा चौथरा उभा केला. मातीखाली फक्त अखंड, न सोललेली वायर. त्यानंतर भाऊबीजेपर्यंत आणि पुढेही एकही दिवा गेला नाही.

या गळतीतून आठवीतल्या मुलाला नवीन सुचलं. माती वीज नेते, तर सिंहगडाची परतीची वायर कशाला? मातीच वापरू. मी त्याला सांगितलं की हा विचार फार जुना आणि खरा आहे. १८३८ मध्ये जर्मनीत श्टाइनहाइल यांनी तारयंत्रासाठी परतीची वायर सोडून जमीनच वापरली, आणि पुढे कितीतरी तारा एकाच वायरीवर चालल्या. सातवीतल्या मुलीने मान वर केली. म्हणजे तिची एक वायर अगदीच वेडगळ नव्हती, तिची फक्त परतीची वाट राहिली होती. मग त्यांनी करून पाहिलं. राजगडाच्या ओल्या मातीत स्टीलचे दोन चमचे वीतभर अंतरावर रोवले, तीन सेल, एक लाल एलईडी. उजेडात काहीच दिसेना. चादरीखाली तोंड घालून पाहिलं तर पुसटशी लाल टिकली. चमचे हातभर लांब नेले, टिकली गेली. तारयंत्रामागे अख्खी पृथ्वी आणि जमिनीत खोल पुरलेले पत्रे असतात, आमच्याकडे दोन घमेली माती. चार मीटर जमणार नाही, असं त्यांनीच ठरवलं.

माझ्याकडून झालेलं

तिसऱ्या दिवशी चौथीतल्या एका मुलाचं बटण लागेना. मला घाई होती, मी त्याची फॉइल सरळ करून दिली. त्यानंतर तीन दिवस काहीही अडलं की तो वस्तू माझ्यापुढे धरायचा. इतरांनी तसं एकदाही केलं नाही. त्याची सवय मोडायला मला हात पाठीमागे बांधून बसावं लागलं, अक्षरशः. एका बारीकशा मदतीची एवढी किंमत होती, आणि ती त्याने भरली.

दुसरं, मुलगे वायरी घेऊन बसले आणि मुली कडे लिंपायला, मावळे मांडायला लागल्या. कुणी तसं सांगितलं नव्हतं, आपोआप झालं, आणि दीड दिवस माझ्याही लक्षात आलं नाही. मग रोज चिठ्ठ्या टाकून तपासनीस कुणाकडे ते ठरवलं. हिरवं तांबं आणि बखरीतली इशारत ही दोन्ही चिठ्ठ्यांनंतरची.

दोन मुलांचं मन शेवटपर्यंत मातीतच होतं. त्यांना ओढलं नाही.

तुळशीच्या लग्नानंतर

किल्ला तुळशीच्या लग्नानंतर मोडला. त्याआधी सगळ्यांना पुन्हा कोरा कागद दिला, तोच प्रश्न. सात जणांनी जाणारी आणि परतणारी, दोन्ही वायरी काढल्या. दोघांनी पुन्हा एकच. त्यांतला एक तो, ज्याची फॉइल मी सरळ केली होती. त्याला मी शेजारी बसवून बल्ब, सेल आणि वायर पुन्हा हातात दिली, आणि या वेळी अर्धा तास काहीही केलं नाही. लागला.

माती पोत्यात भरताना सातवीतल्या मुलीने पीळ दिलेल्या दोन्ही वायरी उलगडून वेगळ्या गुंडाळल्या. लाल वायरीचे झिजलेले तीन तुकडे पाचवीतलीने काडेपेटीत ठेवले आणि वर लिहिलं: 'फक्त लाल. का ते विचारायचं आहे अजून.' तिला 'का'चा अर्धाच भाग मी सांगितला होता. काडेपेटी तिने मला दिली नाही, घरी नेली.